ड्रायव्हिंगचे गुण, गाडीचा विमा आणि रस्त्यात पडलेली खुर्ची

रिकामी स्टेपनी (धागाकर्ता)

गेल्या रिन्यूअलनंतर काही महिन्यांनी विमा कंपनीच्या माणसाने फोनवर गळ घातली. आमचं ॲप टाका, ते तुमचं ड्रायव्हिंग बघेल, नीट चालवत असाल तर पुढच्या वर्षी हप्त्यात सवलत. मी २२ वर्षं गाडी चालवतोय, आजवर एकही क्लेम नाही. म्हटलं, आपल्याला कसली भीती? टाकलं.

पहिल्या महिन्यात १०० पैकी ९१. शाळेत कधी मिळाले नव्हते एवढे गुण. कौतुकाने बायकोला दाखवले. ती "बरं" म्हणाली आणि कामाला लागली.

मग खुर्चीचा प्रसंग घडला. वेग ५० च्या आसपास, पुढे सामान लादलेला टेम्पो. त्याच्या टपावरून एक प्लास्टिकची खुर्ची सुटली आणि माझ्यापुढे तीसेक मीटरवर चारी पाय वर करून पडली. डावीकडे सायकलवाला, उजवीकडे गाड्या. करकचून ब्रेक दाबला. गाडी खुर्चीच्या दोन-तीन पावलं अलीकडे थांबली, मागचाही थांबला. कुणाला काही झालं नाही. घरी आल्यावर ॲप म्हणतं: 'आज १ वेळा तीव्र ब्रेक. पुढच्या वेळी सफाईदारपणे थांबण्याचा प्रयत्न करा.'

इथवर हसण्यावारी नेलं. पण गेल्या आठवड्यात जे झालं त्यावर हसता येत नाहीये. सिग्नल पिवळा झाला. आरामात थांबता आलं असतं, थोडा जोर लावून ब्रेक दाबावा लागला असता इतकंच. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि लाल व्हायच्या आत निसटलो. शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं, "हे काय होतं?" माझ्या तोंडून निघालं, "ब्रेक दाबला की गुण जातात."

२२ वर्षांत मी असं केलं नव्हतं. आता गुण ७४ वर आलेत आणि रिन्यूअल तोंडावर आहे. हे ॲप नेमकं मोजतं काय? गुण कमी म्हणून हप्ता वाढू शकतो का? आणि मधेच यातून बाहेर पडता येतं का? जाणकारांनी लिहावं.

हँडब्रेक

खुर्चीचं काय झालं?

रिकामी स्टेपनी

टेम्पोवाला थांबलाच नाही. खुर्ची उचलून रस्त्याकडेला उभी करून ठेवली. एक पाय किंचित वाकला होता. माझे गुण जास्त वाकले.

तिसरा गिअर

अशाच एका ॲपच्या सेन्सरच्या भागावर मी काही वर्षं काम केलं आहे. कंपनीचं नाव विचारू नका. जमेल तसं सांगतो.

फोनमध्ये तीन गोष्टी कामाच्या. जीपीएस सांगतं तुम्ही कुठे आहात आणि किती वेगात आहात. ॲक्सिलरोमीटर सांगतो वेग किती झपाट्याने बदलतोय. जायरोस्कोप सांगतो फोन कसा वळतोय. यावरून ॲप पाच-सहा गोष्टी काढतं: किती किलोमीटर चाललात, किती वाजता चाललात, वेगमर्यादा किती वेळा ओलांडलीत, ब्रेक किती जोरात दाबलेत, वळणं किती जोरात घेतलीत आणि चालवताना फोन हातात घेतलात का. या शेवटच्या गोष्टीला बरंच वजन असतं, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

आता गोची. फोनला गाडीचं तोंड कुठे आहे हे माहीत नसतं. तो खिशात आडवा असेल, होल्डरमध्ये तिरका असेल किंवा सीटवर पालथा असेल. त्यामुळे पुढे-मागे म्हणजे कुठे, हे ॲप आधी हालचालीवरून अंदाजाने ठरवतं. हा अंदाज चुकला तर खड्ड्यातला दणका ब्रेकच्या खात्यात जमा होतो. फोन सीटवरून घसरून खाली पडला तरी तेच. बोगद्यातून बाहेर आल्यावर जीपीएसची जागा एकदम उडी मारते, आणि त्या उडीवरून वेग काढला तर कागदावर तुम्ही विमान चालवत असता. असल्या नोंदी गाळायच्या चाळण्या असतात. पण चाळणीचं भोक किती मोठं ठेवायचं हे शेवटी माणूसच ठरवतो.

डोंगल, म्हणजे स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचं यंत्र, याहून भरवशाचं. हे ओबीडी सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला सक्तीचं आहे. तिथून थेट गाडीचाच वेग मिळतो. तोही पूर्णांकात, ० ते २५५ किमी, कारण ठरलेल्या मानकात त्यासाठी एकच बाइट, म्हणजे २५६ आकडे मावतील एवढीच जागा, राखून ठेवलेली आहे. डोंगलला आत कोण बसलंय हे मात्र कळत नाही. तुम्ही, तुमची बायको की गॅरेजवाला, सगळे त्याला सारखेच.

आता तुमच्या खुर्चीचं गणित. टेस्ला या कार कंपनीने २०२१ मध्ये आपल्या सेफ्टी स्कोअरचं, म्हणजे ड्रायव्हिंगच्या गुणांचं, सूत्र जाहीर केलं, म्हणून तेच उदाहरण घेतो. त्यात ०.३ जी पेक्षा जास्त जोराचा ब्रेक 'तीव्र' धरतात (१ जी म्हणजे वरून सोडलेल्या वस्तूचा वेग जितक्या झपाट्याने वाढतो तेवढा बदल). कोरड्या रस्त्यावर चांगली गाडी पूर्ण दाबलेल्या ब्रेकने साधारण ०.८ जी पर्यंत जाते. वेग ५० असेल तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या सेकंदात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. तिथून ०.८ ने थांबायला १२ मीटर लागतात, ०.३ ने थांबायला ३३. म्हणजे तुम्ही २६ मीटरमध्ये थांबलात. ॲपला हवं तसं सफाईदार थांबायला ४७ लागले असते. खुर्ची ३० वर होती. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

तरीही ब्रेक मोजणं हा मूर्खपणा नाही, हेही सांगतो. जो माणूस पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून चालवतो त्याला दर दहा किलोमीटरमागे करकचून ब्रेक दाबावा लागतो. मोजायची असते ती ही सवय. पण एका ड्रायव्हरच्या ५०० किलोमीटरमध्ये चार ब्रेक असतील, तर त्यातले किती सवयीचे आणि किती खुर्चीचे, हे आकड्यातून दिसत नाही. फोन घसरला, की ड्रायव्हर चुकला?

नसती उठाठेव

मला यात वाईट काही दिसत नाही. माझी गाडी बहुतेक दिवस झाकलेलीच असते. शेजारचा रोज शंभर किलोमीटर हाणतो, तेही हॉर्नवर हात ठेवून. आम्ही दोघं जवळपास सारखाच हप्ता भरतो. म्हणजे त्याच्या ठोकाठोकीचा खर्च मी उचलायचा? पाळत म्हणा, नाहीतर काहीही म्हणा, मला हिशेब हवा आहे. आणि गुण जातात म्हणून पिवळ्या दिव्यावर गाडी दामटली, यात ॲपचा दोष किती आणि तुमचा किती?

रिकामी स्टेपनी

दोष माझाच. तेच तर सांगतोय. माझ्यात नसलेला दोष ७ महिन्यांत तयार झाला.

आकडेमोड

मी ॲक्चुअरी आहे. हप्त्याचे तक्ते करणं हाच माझा धंदा, तेव्हा थोडं लांबेल.

नसती उठाठेव यांची तक्रार जुनी आणि रास्त आहे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं की वर्षाचा ठोक हप्ता घेणं चुकीचं आहे, कारण एकदा तो भरला की पुढचा प्रत्येक किलोमीटर विम्याच्या दृष्टीने फुकट पडतो. अपघाताची शक्यता मात्र किलोमीटरगणिक वाढत असते. त्यांना १९९६ मध्ये नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी. गाडीच्या विम्याबद्दल त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही, कारण किलोमीटर मोजणार कोण? ओडोमीटर बघायला दारोदार माणूस पाठवणं परवडत नव्हतं.

मग यंत्रं आली. अमेरिकेत प्रोग्रेसिव्ह या विमा कंपनीने १९९० च्या दशकाच्या शेवटी टेक्सासमध्ये गाड्यांत यंत्र बसवून प्रयोग केला. ब्रिटनमध्ये नॉर्विच युनियन या विमा कंपनीने २००६ मध्ये 'जेवढं चालवाल तेवढं भरा' अशी योजना काढली आणि २००८ मध्ये गुंडाळली. यंत्र, ते बसवणारा कारागीर आणि सिमकार्ड, एवढा खर्च एका पॉलिसीवर बसवणं जड जात होतं. स्मार्टफोनमुळे हा सगळा खर्च गिऱ्हाईकाच्या खिशात गेला, आणि मग दुकान चाललं.

युरोपमध्ये याला आणखी एक धक्का मिळाला. पूर्वी तिथे तरुण मुलींना तरुण मुलांपेक्षा कमी हप्ता असायचा, कारण मुलांचे अपघात जास्त आणि मोठे. १ मार्च २०११ ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की विम्यात स्त्री-पुरुष असा दरभेद चालणार नाही. २१ डिसेंबर २०१२ पासून तो लागू झाला. कंपन्यांच्या हातातून एक मोजपट्टी गेली. तेव्हा 'मुलगा की मुलगी हे विचारत नाही, कसं चालवता ते दाखवा' असं म्हणणं सोयीचं झालं. तत्त्व म्हणून हे बरंच न्याय्य आहे. वय, पत्ता, नोकरी यावरून माणूस ठरवण्यापेक्षा त्याचं वागणं बघणं केव्हाही बरं.

आता धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे. हप्ता वाढू शकतो का? हे पॉलिसीच्या अटींवर आहे. काही योजनांत गुण फक्त सवलतीसाठी वापरतात, काहींत दोन्ही बाजूंना. पण 'फक्त सवलत' या शब्दावर फार विसंबू नका. शंभर जणांच्या गटातून चांगल्या वीस जणांना सवलत दिली तर उरलेल्या ऐंशींची सरासरी आपोआप बिघडते, आणि पुढच्या वर्षी मूळ दरच वर सरकतो. तुमचा हप्ता वाढवला असं कुणी म्हणत नाही. मग दुसऱ्या फेरीत त्या ऐंशींतले बरे लोक ॲप टाकतात. असं होत होत शेवटी जो ॲप टाकत नाही त्याच्याबद्दल तर्क सुरू होतो: हा दाखवत का नाही? न दाखवणं हाच पुरावा ठरतो. ऐच्छिक गोष्ट सक्तीची करायला कायदा लागतोच असं नाही.

पहाटवारा

मी रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. ड्यूटी संपवून पहाटे साडेतीनला घरी येते. रस्ता रिकामा, वेग चाळीस, ब्रेक दाबायला समोर कुणी असायला हवं ना! माझ्या ॲपमध्ये ब्रेक ९८, वळणं ९७, फोन १०० आणि 'वेळ' ४१. खाली सल्ला: रात्रीचा प्रवास शक्यतो टाळा.

टाळते की. पेशंटना कळवते, रात्री आजारी पडू नका म्हणून.

आकडेमोड

पहाटवारा ताई, तुमचा राग समजतो. पण माझ्या धंद्याची बाजू मांडणं भाग आहे. रात्री किलोमीटरमागे जिवघेणे अपघात दिवसापेक्षा जास्त होतात. अंधार, पेंग, आणि समोरून येणारा प्यायलेला. यात तुमची चूक काहीच नाही, पण हप्ता ही शिक्षा नसते. धोका कुणामुळे आला हे तक्ता विचारत नाही. नदीकाठच्या घराचा पुराचा विमा महाग असतो, म्हणून घरमालकाने नदी आणली असं कुणी म्हणत नाही. टेस्लानेही नंतर रात्री १० ते पहाटे ४ चा प्रवास गुणांत धरायला सुरुवात केली.

पहाटवारा

मग त्याला 'धोका' म्हणा ना. 'ड्रायव्हिंगचे गुण' कशाला म्हणता? नदीकाठच्या माणसाला कुणी पोहण्याचे ४१ गुण देत नाही.

आकडेमोड

हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. एकाच आकड्यात सवय आणि परिस्थिती दोन्ही कोंबलेल्या असतात, आणि त्याला नाव मात्र सवयीचं दिलेलं असतं.

हँडब्रेक

पोहण्याचे ४१ गुण! दंडवत.

जुना क्लच

आमच्या चिरंजीवांचा किस्सा. वय १९, लायसन्स नवं, नवख्या ड्रायव्हरला हप्ता किती येतो ते ज्याने भरलाय त्याला ठाऊक. म्हणून ॲपवाली पॉलिसी घेतली. दोन महिन्यांत गुण ९५. मी चकित, कारण त्याच्या शेजारी मी डोळे मिटून बसतो. शेवटी उलगडा झाला. गडी कॉलेजला बसने जायचा आणि ॲप बसचा प्रवास त्याच्याच नावावर चढवायचं. गाडी घेऊन मित्रांबरोबर निघाला की फोन विमान मोडवर. ते ९५ गुण त्या बस ड्रायव्हरचे.

कंपनीनेच शेवटी पकडलं, किलोमीटरचा मेळ बसेना म्हणून. मग काचेला चिकटवायची एक छोटी डबी आली. ती गाडीतच राहते आणि फोनशी बोलते, त्यामुळे आपली गाडी कुठली नि बस कुठली हे कळतं. आणि खरं सांगतो, त्यानंतर पोरगं सुधारलं. आई-बाप ओरडले की ऐकायचं नाही, पण आकडा खाली आला की त्याला लागायचं. वळणावर वेग कमी करायला मी वर्षभर सांगत होतो, डबीने तीन आठवड्यांत शिकवलं.

आणखी एक. एकदा सिग्नलला त्याच्या गाडीला मागून धडक बसली. मागचा म्हणाला, यानेच रिव्हर्स घेतला. डबीच्या नोंदीत गाडी ११ सेकंद जागची हलली नव्हती. वाद तिथेच मिटला. तेव्हा सरसकट शिव्या घालू नका.

तिसरा गिअर

बस! हे आमच्याकडे रोजचं दुखणं होतं. चालक कोण आणि प्रवासी कोण हे फोनवरून ओळखायला गाडीच्या कुठल्या बाजूने चढलात वगैरे बघून अंदाज काढतात. तरी चुकतं. म्हणून बहुतेक ॲपमध्ये 'या फेरीत मी चालवत नव्हतो' असं बटण असतं. धागाकर्त्यांनी ते तपासलंय का? मित्राच्या गाडीत, टॅक्सीत बसलेल्या फेऱ्या तुमच्या नावावर असू शकतात.

रिकामी स्टेपनी

असं बटण असतं?! बघतो.

कुलूपकिल्ली

सगळे गुणांवर बोलताय. मला काळजी आहे ती नोंदींची. ॲप तुम्ही स्वतः टाकलंत, निदान ते दिसतं तरी. गाडीच चुगली करत असेल तर?

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे प्रकरण बाहेर काढलं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांत 'स्मार्ट ड्रायव्हर' नावाची सोय होती. तिच्यातून ड्रायव्हिंगचा तपशील लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या माहितीच्या दलालांकडे जात होता आणि तिथून विमा कंपन्यांकडे. एका गृहस्थांचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला म्हणून त्यांनी आपली फाइल मागवली. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या ६ महिन्यांतल्या ६४० फेऱ्या त्यात होत्या. निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, अंतर, वेग ओलांडल्याच्या नोंदी, ब्रेक. आपण कशाला होकार दिलाय हे बऱ्याच गाडीमालकांना कळलंच नव्हतं. जनरल मोटर्सने मग ती सोय बंद केली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई जाहीर केली: अशा संस्थांना ठावठिकाणा आणि ड्रायव्हिंगची माहिती देण्यावर ५ वर्षं बंदी. कमिशनच्या म्हणण्यानुसार काही गाड्यांचा ठावठिकाणा दर ३ सेकंदांनी टिपला जात होता.

त्या गृहस्थांच्या फाइलमध्ये कुठे गेले ते नव्हतं, फक्त वेग आणि वेळ. कुणी म्हणेल, मग काय बिघडलं? रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की निघण्याची जागा आणि क्षणाक्षणाचा वेग एवढंच माहीत असेल, तरी नकाशाशी ताडून गाडी कुठे गेली याचा अंदाज काही वेळा काढता येतो. कुठे थांबली, कुठे हळू झाली, किती वेळाने वळली, हीच रस्त्याची सही असते.

आणि डोंगलवाल्यांसाठी: ऑगस्ट २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी विम्याच्याच एका डोंगलला एसएमएस पाठवून कॉर्व्हेट गाडीचे वायपर चालू केले, आणि गाडी हळू चालत असताना ब्रेक निकामी करून दाखवले. ती भगदाडं नंतर बुजवली म्हणा. पण सुरक्षिततेसाठी म्हणून लावलेल्या यंत्रातूनच ब्रेक जातात, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही.

मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ कार कंपन्यांची गोपनीयता तपासली. पास एकही झाली नाही.

नसती उठाठेव

घाबरवून सोडलंत. पण मला सांगा, हे सगळं न होता फक्त किलोमीटर मोजता येत नाहीत का?

आकडेमोड

येतात, अगदी साधेपणाने. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी ओडोमीटरचा फोटो. कॅलिफोर्नियात १९८८ च्या 'प्रस्ताव १०३' या कायद्यानुसार हप्ता मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: चालकाची आजवरची नोंद, वर्षाचे किलोमीटर आणि किती वर्षं चालवतोय. टेस्ला आपल्या विम्यासाठी अन्यत्र सेफ्टी स्कोअर वापरते, पण तिथे वापरत नाही. भारतात विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये दोन्ही प्रकारांना परवानगी दिली: किती चालवता त्यावर आणि कसं चालवता त्यावर. दोन्ही ॲड-ऑन आहेत आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागालाच लागू. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, त्याला हात लागत नाही. त्यामुळे सवलतीची टक्केवारी ऐकलीत की आधी विचारा, कशाच्या किती टक्के.

मालवाहू

चाळीस ट्रकांचा ताफा सांभाळतो. आमच्या गाड्यांत ही यंत्रं कधीपासून आहेत, विमा कंपनीने मागण्याच्या आधीपासून. एक फरक सांगतो.

दर सोमवारी मी यादी घेऊन बसतो. कुणाचे किती ब्रेक, कुठे, किती वाजता. ज्याचे जास्त त्याला चहा... असो, बोलावतो आणि विचारतो, काय झालं? एक जुना ड्रायव्हर, त्याचे ब्रेक अचानक दुप्पट झाले. यंत्राच्या हिशेबाने तो बिघडला होता. विचारलं तर म्हणाला, त्या नव्या मार्गावर एका शाळेचं फाटक थेट रस्त्यावर उघडतं. आम्ही मार्ग बदलला, ब्रेक पूर्ववत. दुसरा एक होता, त्याचे गुण कायम झकास. विचारल्यावर कळलं की ब्रेकची नोंद नको म्हणून तो दिवसाऐवजी रात्रभर चालवत होता, झोप न घेता. यंत्र एकच, पण पुढे माणूस बसवला तर त्याचा उपयोग होतो. तुमच्या ॲपमध्ये तो सोमवार नाही.

तिसरा गिअर

मालवाहू, हे आमच्या मीटिंगमध्ये कुणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. 'ड्रायव्हरला कारण विचारू या' असा पर्याय एकदा आला होता. कारण काय, कुणीही काहीही लिहील, पडताळणार कसं, म्हणून बाद झाला.

जुना क्लच

धागाकर्ते गायब? रिन्यूअल झालं का?

रिकामी स्टेपनी

झालं. उशीर झाला, क्षमस्व. पण पुरता हिशेब घेऊन आलोय.

तिसरा गिअर यांच्या सांगण्यावरून ते बटण शोधलं. तीन पडदे आत होतं. मग कंपनीला लेखी मागणी केली की माझ्या सगळ्या नोंदी द्या. पहिल्या वेळी उत्तर आलं, गुण ॲपमध्ये दिसतात. दुसऱ्यांदा कडक भाषेत लिहिल्यावर तक्ता मिळाला. ७ महिन्यांत १९ तीव्र ब्रेक. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं कॅलेंडर घेऊन बसलो आणि एकेक आठवायचा प्रयत्न केला.

सहा टॅक्सीतले निघाले. त्या आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये होती. दोन एकाच ठिकाणचे, दोन्ही वेळा तोच गतिरोधक, ज्यावर होल्डरमधून फोन निसटतो. एक खुर्ची. चार आठवेनात. उरलेले सहा बायको म्हणाली, "हे तुझेच." सकाळच्या घाईत, पुढच्याला चिकटून. मी वाद घातला, मग वार आणि वेळ बघितल्यावर गप्प बसलो. म्हणजे १९ पैकी सहा ब्रेकच्या बाबतीत ॲप बरोबर होतं, आणि ते सहा कुठले हे त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मला आता माहीत आहे. सकाळी दहा मिनिटं आधी निघतो.

टॅक्सीच्या फेऱ्या काढून टाकल्यावर गुण ८३ झाले. सवलतीची रेघ ८५ ला. खुर्चीबद्दल लेखी कळवलं होतं, 'घटनेचं कारण गुणांकनात धरलं जात नाही' असं उत्तर आलं. पिवळ्या दिव्याची नोंद कुठेच नाही, कारण त्या दिवशी ब्रेक दाबलाच नव्हता. तो दिवस हिरवा आहे, १०० पैकी १००.

दुसऱ्या कंपनीची किलोमीटरवाली पॉलिसी घेतली. ओडोमीटरचा फोटो पाठवला, संपलं. हप्ता आधीच्यापेक्षा थोडा कमीच बसला.

ॲप काढून टाकताना मात्र एक खिडकी उघडली: 'आपण का जात आहात? कृपया कारण सांगा.' ७ महिन्यांत पहिल्यांदाच त्याने मला कारण विचारलं. पर्याय होते बॅटरी, गाडी विकली, आणि इतर. इतर निवडलं आणि लिहिलं, 'खुर्ची'.

हँडब्रेक

कुणीतरी ती खुर्ची घरी आणायला हवी होती.

कुलूपकिल्ली

ॲप काढल्याने फक्त फोन मोकळा होतो, जुन्या नोंदी त्यांच्याकडेच राहतात. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्याखाली त्या पुसून मागता येतात, इतरत्र तिथला कायदा बघावा लागेल. पुसायची मागणी केलीत का? आणि आधी कुणाकुणाला दिल्या, तेही विचारा.

रिकामी स्टेपनी

पुसायचा अर्ज केलाय. कुणाला दिल्या हे विचारायचं राहिलं. आज लिहितो त्यांना, उत्तर आलं की इथेच टाकेन.